शहरात घर कोठे घ्यावे?
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात उत्तन येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानात वक्त्याने ज्ञातीची एकी, मुलामुलींचे शिक्षण आणि लग्नकार्यातील काटकसर यांविषयी बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. ते विषय संपले आहेत असे नाही. परंतु यंदा मंडळाने मजकडे जो विषय सोपविला, तो आपल्यापैकी निम्म्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर रोज निघतो, आणि पुष्कळदा उत्तराविनाच त्यावर पडदा पडतो. मुलाचे लग्न ठरले आहे, खोली एकच आहे; चाळीची पुनर्बांधणी कधी होईल ते ठाऊक नाही; गाठीला थोडी पुंजी आहे, बँक थोडे कर्ज देईल; तर मग घर घ्यावे कोठे? ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत. आजच्या मुंबईत सामान्य गृहस्थाला घर बांधून पाहण्याची सोयच उरलेली नाही. दुसऱ्याने बांधलेले विकत घ्यावयाचे, आणि तेही पुष्कळदा बांधून पूर्ण होण्यापूर्वी. म्हणून ते पारखण्याची विद्या अधिक अगत्याची झाली आहे.

आपली काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या ह्या किनाऱ्यावरची आहेत, तर काही गिरगाव, परळ, लालबाग येथे स्थायिक झालेली आहेत. मुंबईकडची मंडळी येथील मोकळा वारा पाहून मनातल्या मनात घराचा नकाशा काढू लागतात, आणि येथील तरुण मंडळी बापजाद्यांची जागा विकून भाईंदरला किंवा मिरा रोडला सदनिका घेण्याचा विचार करतात. म्हणून मला घेणारे व विकणारे अशा दोघांशीही बोलावयाचे आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास सांगतो. मुंबईतील घराचा प्रश्न आजकालचा नव्हे. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा दाट वस्तीच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसे पटापट मेली, आणि १८९८ साली सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ह्या त्या ट्रस्टच्या कार्याचे फळ होत. परंतु मध्यमवर्गीय माणसाने स्वतःच्या बळावर काय करावे, ह्याचा धडा १९१५ साली गावदेवी येथे मिळाला. श्रीपाद सुबराव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था तेथे उभी राहिली. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. एकट्याला न परवडणारी जमीन अनेकांनी मिळून घ्यावी, हिशेब उघडा ठेवावा, आणि घरमालकाच्या मर्जीवर न राहता सर्वांनी सभासद म्हणून राहावे, ही त्यातील कल्पना होती. ज्ञातीच्या संघटनेचा उपयोग केवळ वधूवर-सूचीपुरता नाही, हे त्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले.

पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्याचा उत्साह ओसरला आणि पागडीचा व्यवहार वाढला. मग मालकी हक्काच्या सदनिकांचे युग आले. तिच्या खरेदीविक्रीस वळण लावण्यासाठी १९६३ साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. शहर भरत गेले तशी वस्ती रेल्वेच्या रुळांमागोमाग उत्तरेकडे सरकली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत गेली, आणि अर्ध्या शतकाने तिच्या दोहो बाजूंची मिठागरे व भातशेते इमारतींनी भरू लागली. मिरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. १९८५ साली नगरपालिका, २००२ साली महानगरपालिका, इतक्या झपाट्याने हे गाव शहर झाले. उत्तन त्याच महानगरपालिकेत आहे. तरी येथे अजून बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळतात, आणि सकाळी जाग येते ती होड्यांच्या यंत्रांच्या आवाजाने.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घर कोठे घ्यावे ह्याचे एकच उत्तर सर्वांना देणारा मनुष्य एक तर दलाल असावा, नाही तर भोळा. मला इतकेच सांगता येईल की, कोणत्याही ठिकाणाला पाच प्रश्न विचारावेत: वाट कशी आहे, पाणी कसे आहे, कागद कसा आहे, पैसा किती लागेल आणि शेजार कोणता मिळेल. आपण बसलो आहोत त्याच भूमीला हे प्रश्न विचारून पाहू.

वाटेचा प्रश्न पहिला. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी वसईपूर्वी येथला चौकचा धारावी किल्ला घेतला. वसईच्या खाडीच्या मुखावर ज्याची नजर, त्याच्या हाती जलमार्गाची किल्ली, हे त्या सेनानींना पक्के ठाऊक होते. लाखो रुपये मोडून घर घेणारा गृहस्थ मात्र पुष्कळदा रविवारी दुपारी मोटारीतून येतो, समुद्र पाहतो आणि इसार देऊन मोकळा होतो. त्याने सोमवारी सकाळी यावे. उत्तनपासून भाईंदर स्टेशन आठ-दहा किलोमीटर. वाट मोरवा, मुर्धा, राई ह्या गावांमधून जाणारी. भाईंदरपासून चर्चगेट सुमारे त्रेचाळीस किलोमीटर, आणि गाडीतील गर्दी आपण सर्वजण जाणताच. गोराईहून किंवा मनोरीहून तरीने खाडी ओलांडून बोरिवली-मालाड गाठता येते, पण पावसाळ्यातील तुफानी दिवशी नोकरदाराने त्यावर विसंबू नये.

ह्याचा हिशेब करा. जवळच्या घरापेक्षा दूरच्या घरामुळे रोज दोन तास अधिक गेले आणि वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर वर्षास सहाशे तास, म्हणजे पंचवीस अहोरात्र होतात. कर्जाची मुदत वीस वर्षांची असेल, तर तेवढ्या काळात पाचशे अहोरात्र प्रवासात जातील. घराच्या किमतीत हा आकडा कोणी लिहीत नाही. तो आपणच लिहावयाचा. नोकरी करणाऱ्या सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला हा भार दुप्पट येतो, कारण घरी पोहोचल्यावर तिचा दुसरा कामाचा दिवस सुरू होतो. म्हणून घर पाहावयास जाताना कर्त्या पुरुषाने एकट्याने जाऊ नये. जिला त्या घरातून रोज सकाळी निघावयाचे आहे, तिचे मत आधी घ्यावे. ज्याचे काम घरबसल्या किंवा जवळपास आहे, अथवा जो सेवानिवृत्त आहे, त्याला हाच हिशेब निराळा पडेल. त्याला उत्तन सोयीचेही ठरेल. मात्र रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर मोठे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे त्यानेही घड्याळ लावून पाहावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. येथे पाणी ह्या शब्दात मी हवा, निचरा आणि परिसरही धरतो. मिरा-भाईंदरला पाणी बाहेरून येते. सूर्या प्रादेशिक योजनेतून ह्या शहरासाठी दररोज २१८ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद ठरविली आहे. परंतु शहराला मिळणारे पाणी आणि आपल्या नळाला येणारे पाणी ह्यांत पुष्कळ अंतर असते. नळ किती वाजता येतो, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचा खर्च कोणावर पडतो, हे बांधकाम व्यावसायिकाच्या कचेरीत विचारू नये. शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराला विचारावे. तसेच पावसाळ्यात एकदा तरी येऊन पाहावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोणती जागा उंचावर आहे आणि कोणती खाजण बुजवून केलेली आहे, हे नकाशावाचून सर्वांना कळले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. येथील धावगीच्या डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. तेथील दुर्गंधी, धूर आणि आगी ह्यांविरुद्ध ग्रामस्थ वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडीत आले आहेत. जाहिरातीच्या चित्रात समुद्र असतो, कचरा नसतो. दुरून डोंगर साजरे, असे म्हणतात. ह्या डोंगराच्या बाबतीत वारा कोणत्या दिशेने वाहतो, तेही पाहून घ्यावे. जे शहर आपला कचरा येथे आणून टाकते, त्याच शहरातील लोकांना येथे शुद्ध हवेचे घर हवे असते, ही विसंगती आपण घेणाऱ्यांनीही मनात ठेवावी.

तिसरा प्रश्न कागदाचा, आणि जन्माची कमाई बुडते ती बहुधा येथेच. फार लांब जावयास नको. खाडीपलीकडे नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया व कचराभूमी ह्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. त्यांत माणसे राहू लागली, दिवे लागले, सण साजरे झाले. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ च्या हिवाळ्यात त्या पाडण्यात आल्या, आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांतील बहुतेकांनी पैसे मोजले होते. चोरी त्यांनी केली नव्हती. इमारत उभी आहे, शेजारी राहत आहेत, वीज आली आहे, एवढ्यावरून ती कायदेशीर आहे असे ठरत नाही, हा त्यातील कडू धडा होय. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे बेकायदा इमारत कोसळून सत्तरांहून अधिक माणसे गेली. तेथे तर प्रश्न पैशाच्याही पलीकडे गेला.

उत्तनसारख्या किनाऱ्यावरील गावात कागदाची पारख दुप्पट करावी लागते. येथे गावठाण आहे, शेतजमीन आहे, वनस्पतींनी झाकलेला डोंगर आहे, खारफुटी आहे आणि भरतीची रेषा आहे. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत. २०११ व २०१९ साली ते नव्याने घालून दिले गेले. घेऊ पाहता ती जागा त्या नकाशात कोठे पडते, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. खारफुटीच्या व तिच्या भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यातील बांधकामास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून बंदी घातली आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याने घेऊ नये, हा १९४८ च्या कूळकायद्याचा मूळ दंडक. त्याला अपवाद आहेत, पण ते दलालाकडून नव्हे, वकिलाकडून समजून घ्यावेत. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते मोजावे, आणि निदान तीस वर्षांचा शोध अहवाल काढावा. एका सातबारावर चार भाऊ व दोन बहिणी असतील आणि खरेदीखतावर सही एकाच भावाची असेल, तर ते घर नव्हे, कोर्टाची तारीख विकत घेतली असे समजावे.

सदनिका घ्यावयाची तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा आपल्या बाजूस आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पडताळता येतो. लेखी करार नोंदविल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मज्जाव आहे. विक्री चटई क्षेत्रावर व्हावयास हवी, आणि बांधणीत दोष निघाल्यास ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर आहे. जुनी सदनिका घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावे, आणि जमीन संस्थेच्या नावे झाली आहे की नाही ते विचारावे. झाली नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला आहे. पण तो चालून जाण्याची तयारी त्या संस्थेत दिसते काय, हेही पाहावे.

चौथा प्रश्न पैशाचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सर्वांना पाठ आहे. अंथरूण मोजावयाचे कसे, तेवढे सांगतो. सालीना साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी पन्नास लाख कर्ज काढले, तर मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो, आणि मुदतीअखेर आपण एक कोटी चार लाखांच्या आसपास फेडलेले असतात. कर्जाची रक्कम ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंत असेल, तर बँक किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. ७५ लाखांवर पंचाहत्तर टक्के. उरलेला भाग, मुद्रांक शुल्क (मुंबई शहरात ते सहा टक्के), नोंदणी फी, संस्थेची वर्गणी आणि वाहनतळ हे सर्व आपल्या गाठीचे. केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या निवासी घरास २०२१ पासून शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, तिचा विचार अवश्य करावा. ही सवलत नसती तरी घर पत्नीच्या नावे असणे चांगलेच. हप्ता भरून घरखर्च, शाळेची फी आणि आजारपणाची थोडी शिल्लक उरत असेल, तरच ते घर आपले. नवराबायकोपैकी एकाची नोकरी सहा महिने बंद पडली तर काय, हा प्रश्न अभद्र वाटला तरी सही करण्यापूर्वीच विचारावा. आईचे दागिने आणि वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी एकाच घरात ओतून म्हातारपणी त्यांना मुलाच्या तोंडाकडे पाहावयास लावू नये.

ह्याच संदर्भात योजनांविषयी सांगतो. ‘येथे सागरी सेतू येणार, मेट्रो येणार, आज घ्या, उद्या भाव दुप्पट’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सागरी सेतू आधी वर्सोवा ते विरार असा आखला होता. पुढे त्याची आखणी बदलून तो उत्तन ते विरार असा ठरविण्यात आला. मेट्रो मार्ग ९ ची कारशेड प्रथम राई-मुर्ध्यास ठरली. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीस हलविण्याचे ठरले, आणि तेथे झाडांच्या तोडीवरून नवा विरोध उठला. योजना वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. परंतु कागदावरची रेघ हलते, आपला हप्ता मात्र दरमहा ठरल्या तारखेस येतो. आज जी वाट आहे तिच्यावर ज्याचे भागते, त्यानेच घर घ्यावे; उद्याची वाट आली तर तो लाभ समजावा.

पाचवा प्रश्न शेजाराचा. ज्ञातीच्या चार घरांजवळ घर असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. आजारपणात, अंत्यविधीत, लहान मुलाला सांभाळण्यात ओळखीच्या माणसांचे मोल कळते. परंतु आपल्यापैकीच कित्येकांना आडनाव विचारून किंवा ताटात मासळी असते म्हणून घर नाकारले गेले आहे. जो डंख आपल्याला झाला, तो आपण दुसऱ्याला करू नये. शेजार पाहावा तो जिन्यावरील स्वच्छतेचा, संस्थेच्या उघड्या हिशेबाचा, आणि अडीअडचणीस दार उघडणाऱ्या माणसांचा. तो कोणत्याही ज्ञातीत सापडतो.

आता येथील मंडळींशी, जे विकण्याचा विचार करीत आहेत त्यांच्याशी, दोन शब्द बोलतो. गावठाणातील घर पडके दिसते आणि सदनिका चकचकीत दिसते, हे खरे. परंतु ज्याचा धंदा समुद्रावर आहे, त्याला जाळी ठेवण्यास ओटी लागते, मासळी सुकविण्यास अंगण लागते आणि होडी डोळ्यांसमोर लागते. चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत ह्यांतील काहीच मावत नाही. जमीन एकदाच विकता येते. भावांत वाटणी होऊन हाती आलेली रक्कम मोठी दिसते, पण तिच्यातून सदनिका घेतल्यावर दरमहाचा देखभाल खर्च सुरू होतो, आणि जुना धंदा सुटलेला असतो. म्हणून आधी आपले कागद नीट करावेत, वारसांच्या नोंदी करून घ्याव्यात, बहिणींचा हिस्सा मान्य करावा. विकणे भागच असेल तर सर्व विकू नये, आणि मुलांना उभे राहण्यापुरती जागा राखावी. विकणार नाही असे ठरविणे हाही घराचाच निर्णय आहे, आणि पुष्कळदा तो अधिक शहाणपणाचा असतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, बँकांतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांच्यापैकी पाच-सहा जणांची एक गृहसल्लागार समिती मंडळाने नेमावी. महिन्यातून एका रविवारी त्यांनी बसावे, आणि कोणाही सभासदाने इसार देण्यापूर्वी आपले कागद त्यांच्यापुढे ठेवावेत. समितीने घर सुचवू नये, दलाली घेऊ नये. फक्त कागद वाचावेत आणि ‘हे विचारून या’ एवढे सांगावे. विधवा भगिनींचे व एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे व्यवहार तिने प्रथम पाहावेत, कारण फसवणूक तेथेच आधी पोहोचते. दहा-पंधरा कुटुंबांची गरज व ऐपत सारखी निघाली, तर १९१५ च्या गावदेवीच्या उदाहरणाप्रमाणे सहकारी संस्थेचा विचारही करता येईल, आणि तिची दारे इतरांसही उघडी ठेवता येतील.

हा ठराव आजच्या सर्वसाधारण सभेपुढे यावा, अशी माझी अध्यक्षमहाराजांना विनंती आहे. वर्षभरात ह्या समितीने एका जरी कुटुंबाला चुकीच्या कागदावर सही करण्यापासून थांबविले, तरी मंडळाची वर्गणी सार्थकी लागली असे मी समजेन.